तिघांची मैफल आणि मालगाडी

सबंध बुलढाणा जिल्ह्यात जॅझ कळणारा माणूस एकच, असं माझे थोरले साडू, म्हणजे आमचे भाऊ, सांगतात, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. खरंखोटं तपासायला दुसरा कोणी नसल्यामुळे हे विधान आजवर टिकून आहे. मलकापुरात कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत त्यांनी पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते ओळखतो, ही भाऊंची पहिली फुशारकी. पुढे एका बँकेचे मॅनेजर बदली होऊन जाताना, सामानात ओझं नको म्हणून आपला रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड यांच्या गळ्यात मारून गेले, तेव्हापासून दुसरी सुरू झाली. त्या रेकॉर्डवर पियानो, माणसाएवढा उभा, जाड तारांचा बास आणि ड्रम अशा तिघांनी परदेशातल्या कुठल्याशा लहान क्लबात, लोकांसमोर वाजवलेली जुनी गाणी आहेत. तिकडे ती सगळ्यांना तोंडपाठ असतात म्हणे. तोंडपाठ आहेत तर पुन्हा कशाला वाजवायची, असं मी एकदा विचारलं. "मास्तर, भजनात अभंग रोजचाच असते ना? बुवा धृपद धरून कुठी कुठी हिंडून येते, थेच तं आइकाचं असते," भाऊ म्हणाले. उत्तर बिनतोड होतं, म्हणून मी विषय बदलला.

गेली बावीस वर्षं भाऊंची जगाकडे मागणी एकच आहे: कोणीतरी शेजारी बसून ही रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी. ती कोणी पुरी केली नाही, आणि न करणाऱ्यांत माझा नंबर वरचा. मी जळगाव जामोदला शाळामास्तर. त्यांच्याकडे गेलो की चौथं गाणं लागायच्या आत मला चारची एसटी आठवते. पण दोष निव्वळ माझा नाही. चाळीस मिनिटांची रेकॉर्ड त्यांच्या घरी अडीच तास चालते. घरामागे दोन गल्ल्या सोडून रूळ आहेत, आणि गाडी आली की भाऊ उठून सुई उचलतात. एक्सप्रेस असली तर निभावतं. मालगाडी आली की खोलीतले सगळे मान खाली घालून दुखवट्याला आल्यासारखे बसतात. "आपल्याला ऐकू येत नाही म्हणून थांबवता का?" मी विचारलं. "आपलं सोडा जी. थे तिघं जीव लावून वाजवून राह्यले, अन् मंधात हे धूड बोंबलते. बरं दिसते काय?" मी म्हणालो, "अहो भाऊ, ते वाजवून कधीच घरी गेले. एखादा वरही गेला असेल." वर्गातल्या ढ पोराकडे मी पाहतो तसं माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "पन लोकं बसलेले हायेत ना अजून."

या बसलेल्या लोकांशी त्यांचा सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त घरोबा. तिसऱ्या गाण्यात त्यांच्यातला कोणी खोकतो. भाऊ त्याच्या क्षणभर आधी बोट वर करतात आणि म्हणतात, "आला आपला खोकल्यावाला." अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या स्वयंपाकघरातून ओरडतात, "बावीस वर्षं झाले, त्याचा खोकला काही जात नाही. काढा पाठवा म्हना त्याले." क्लबातल्यांनी टाळ्या वाजवल्या की खोलीतल्यांनीही वाजवायच्या, असा नियम आहे. मी मुद्दाम भलत्या जागी वाजवायचो. मग भाऊ मला गावंढळ म्हणायचे. मलकापूरच्या माणसानं जळगाव जामोदच्या माणसाला गावंढळ म्हणावं, हे ऐकून माझी बायको अजून हसते.

त्यांच्या मुलीला पाहायला संग्रामपूरकडचे पाहुणे आले, तेव्हा पोहे यायच्या आधी रेकॉर्ड लागली. तिच्यात एका जागी पियानो गप्प होतो आणि तो मोठा बास एकटाच, हळूहळू, घुमत राहतो. पाहुण्यांना वाटलं, संपलं. मुलाच्या बापानं टोपी सारखी केली, हात जोडले आणि सगळे उठले. "बसा! काऊन उठून राह्यले? त्याचं बोलनं तं आता सुरू झालं," भाऊ कडाडले. सोयरीक जुळली नाही. "बरं झालं. मंधातून उठनाऱ्या घरात पोरगी देऊ नये," एवढंच भाऊ म्हणाले. अक्का त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि माझ्या मते तोही आठवडा त्यांनी रेकॉर्ड ऐकण्यात सुखाने घालवला.

अलीकडे त्यांचं बोलणं फारच वाढलं होतं. आपण विचारावं एक, त्यांनी सांगावं तिसरंच. पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना मुळातच नसल्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही. परवा गेलो, तर अक्कांनी दारातच हळू आवाजात सांगितलं, "जावईबापू, आज चारची गाडी जाऊ द्या. बसा ह्यायच्याजवळ." असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या, म्हणून बसलो.

तिसऱ्या गाण्यात भाऊंचं बोट वर गेलं. "आला आपला खोकल्यावाला." तो येऊन गेल्याला बराच वेळ झाला होता. तेवढ्यात भोंगा वाजला आणि मालगाडी आली. भाऊ डोळे मिटून मांडीवर ताल देत होते, आणि ताल भलतीकडेच चालला होता. खडखडाटात पियानो पार बुडाला, तरी ते उठेनात. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोरडेच हात पदराला पुसत राहिल्या. पस्तीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत घातलेल्या कानांचं काय होतं, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला आधी कळायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि माझी लाजही वाटली.

मी उठून सुई उचलली. भाऊंनी डोळे उघडले. "हात काहाले लावला, मास्तर?" मी खिडकीकडे बोट केलं. लांब, दोन घरांच्या मधल्या फटीतून डबे सरकत होते. त्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले वाटलं, आजकाल गाड्याच कमी झाल्या."

शेवटचा डबा गेल्यावर मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी सुई अलगद जागेवर ठेवली. त्यानंतर आणखी तीन गाड्या आल्या. गाडी आली की मी गुडघ्याला हात लावायचा, ती गेली की पुन्हा लावायचा, असं ठरून गेलं. चारची एसटी गेली, पाचची गेली. शेवटचं गाणं संपलं आणि क्लबातली माणसं टाळ्या वाजवू लागली, तेव्हा हात त्यांना दिसतील असे समोर धरून मीही वाजवायला लागलो. भाऊंनी एकदा माझ्या हातांकडे आणि एकदा तोंडाकडे संशयानं पाहिलं.

"बरोबर जागी हाय ना, मास्तर?"

मी मान डोलावली. मग त्यांनीही वाजवल्या. क्लबातली माणसं थांबल्यावरही आम्ही दोघं जरा वेळ वाजवत राहिलो.