वसंताला सांगितलेला डेव्हलपर

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. चाळीस वर्षं तरी झाली असतील. आता पेन्शन आहे, गच्चीवर मोगरा आहे, रविवारी इथे काशीतच, दूधविनायक मोहल्ल्यात, वसंताकडे चहा असतो — माझं बरं चाललंय. फारच बरं. म्हणूनच तर सांगायला बसलो.

वसंता माझा जुना मित्र. मी बँकेत, तो शाळेत मास्तर. दोघांनाही फोटोंचा नाद. ब्लॅक अँड व्हाइटचे रोल आम्ही आपापल्या घरीच धुवायचो, न्हाणीघराच्या दाराला घोंगडी लावून. त्यातलं मला जरा जास्त कळायचं — आणि ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

काशीतलं दुपारचं ऊन पाहिलंय तुम्ही? घाटाच्या पायऱ्या पांढऱ्याफटक, आणि कमानीखाली मिट्ट काळोख. असा रोल धुवायचा तर डेव्हलपर, म्हणजे धुवायचं रसायन, पातळ हवा, वेळ कमी, आणि रोलचा डबा फार हलवायचा नाही. कडक डेव्हलपरमध्ये उजेडातलं सगळं करपतं. फोटोत तिथे नुसता कोरा कागद उरतो. हे मला चार रोल वाया घालवून कळलं होतं. वसंताला कळलेलं नव्हतं.

कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनाआधी त्याने भोसले घाटावर भर दुपारी एक रोल काढला. काय जागा निवडली होती त्याने! मला ती कधी सुचली नसती. त्याने विचारलं, "कौनसा डेव्हलपर घेऊ रे याला?" मी म्हणालो, कडकच घे, आणि डबा हलवत राहा. अगदी सहज म्हणालो.

इथवर मत्सर म्हणा. पुढचं त्याहून वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी तो गल्लीत भेटला. नुसता खुशीत. "आईपण आहे त्या रोलात! कधी बसत नाही कॅमेऱ्यासमोर, काल खुद म्हणाली, काढ एक. आज शाम को धुतो." काकूंनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता, हे मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं — अरे, डेव्हलपर पातळ कर. पण मग काल तसं का सांगितलंस, हे त्याने विचारलं असतं ना? मी "वा!" म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली.

प्रदर्शनात माझा मुन्शी घाटाचा फोटो पहिला आला. काकू त्याच हिवाळ्यात गेल्या. वसंताने पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

काकूंचा तो फोटो त्याच्या बैठकीत आहे. मागची कमान, लुगड्याचा गडद काठ — आणि चेहऱ्याच्या जागी पांढरं. पाहुण्यांना तो सांगतो, "धुताना गलती माझीच झाली. याने तर नीट सांगितलं होतं."

गेल्या रविवारी म्हणाला, "आईचं नाक कसं होतं रे? आजकल ध्यानातच येत नाही." मी सांगितलं. सरळ, टोकाशी किंचित खाली आलेलं. उजव्या भुवईवर देवीचा वण. हसायच्या आधी डोळे मिटायच्या. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं."

मी आणखी अर्धा कप चहा मागितला. छान झाला होता.