चौथं बदक

आमच्या साडूभाऊंचं काम गेली अकरा वर्षं शून्य पूर्णांक नऊवर आहे.

हा टोमणा नाही; आकडा त्यांचाच आहे. त्यांच्या क्षेत्रात काम पुरं झालं, आता कुणीही डोळे मिटून वापरावं, असं वाटलं की त्याला 'एक' हा आकडा देतात. तोवर मुक्काम शून्याच्या घरात. साडूभाऊ आमच्याकडे धाकटे जावई म्हणून दाखल झाले तेव्हा शून्य पूर्णांक नऊ होतं, आजही तेच आहे. फक्त त्याच्यापुढे एक टिंब आणि बेचाळीस एवढी भर पडली. घरात चार माणसं जमली की कुणीतरी विचारतंच, "काय मग, झालं का?" साडूभाऊ चष्मा पुसतात आणि म्हणतात, "चालू आहे." प्रश्न विचारणारा चहाकडे वळतो. दोघांचंही समाधान होतं.

पोटापाण्यासाठी ते एका इस्पितळाच्या कचेरीतले संगणक सांभाळतात. 'ते काम' म्हणजे फावल्या वेळातली हत्यारपेटी. हातात घेता येईल अशी पेटी नव्हे. संगणकातली, दुसऱ्यांचे प्रोग्रॅम उघडून बघायची हत्यारं एकत्र केलेली. लग्न ठरवताना सासूबाईंनी त्यांना विचारलं होतं, "म्हणजे नेमकं करता काय तुम्ही?" तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. साडूभाऊ म्हणाले, "आई, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस माणसाला कळेल असं लिहितो. मग यंत्रासाठी त्याचं आकड्यांत पीठ करतात. पुढे मूळ लिखाण हरवतं, लिहिणारा सोडून जातो, कंपनी बंद पडते आणि हातात नुसतं पीठ उरतं. त्या पिठावरून मूळ काय होतं ते शोधायचं."

"म्हणजे उसवता," सासूबाई म्हणाल्या. "विणलेलं एकेक टाका उसवत मागे जायचं आणि बघायचं, कसं विणलं होतं."

साडूभाऊ बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यारपेटीच्या पहिल्या पानावरची सहा परिच्छेदांची माहिती पुसली आणि हे एक वाक्य टाकलं. मी जावई होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. माझं एकही वाक्य कुठल्या पानावर गेलेलं नाही, आणि सासूबाईंचं कौतुक मला तरी असं कधी सुचलेलं नाही.

साडूभाऊंच्या खोलीत एक लांब टेबल, संगणकाचे दोन पडदे, पाण्याची किटली आणि प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी: 'लहान स्क्रू', 'फार लहान स्क्रू', 'कशाचे ते आठवत नाही'. भिंतीवर एकच सुविचार: 'मुळाला हात लावू नये.' कुठलीही गोष्ट उघडण्याआधी तिची जशीच्या तशी नक्कल करायची, मूळ बाजूला ठेवायचं आणि काय तो खेळ नकलेवर करायचा. ही सवय इतकी मुरलेली आहे, की घरातलं कपाट आवरण्याआधीसुद्धा ते कपाटाचा फोटो काढतात. माझी मेहुणी, म्हणजे घरातली धाकटी, म्हणते, "आवरून झालं, की फोटो बघून पुन्हा तसंच लावतो. म्हणून आमचं कपाट कधी आवरल्यासारखं वाटत नाही."

पेटी फुकट आहे आणि तिला हातभार लावणारी पाच-सात माणसं निरनिराळ्या देशांत बसलेली आहेत. साडूभाऊंनी त्यांतल्या एकालाही पाहिलेलं नाही. त्यांत एक निवृत्त घड्याळदुरुस्तीवाले आहेत, एक गणिताच्या बाई आहेत आणि एकजण फक्त चुका काढतो. त्याला काढलं तर पेटी बंद पडेल, असं साडूभाऊ म्हणतात.

तर, धाकटीला दिवस गेले. पाचवा महिना लागला तशा सासूबाई उठल्या आणि त्यांनी माळ्यावरून विणकामाचं यंत्र खाली काढायला लावलं.

ह्या यंत्रावर सासूबाईंनी वीस-बावीस वर्षं शेजारपाजारच्या मुलांचे स्वेटर विणले. टेबलाएवढी लांबी, दोनशे सुया आणि एका कोपऱ्यात बटणांची पाटी. त्या पाटीवर नक्षी भरली, की यंत्र ती लक्षात ठेवायचं. धाकटीच्या जन्माआधी सासऱ्यांनी स्वतः एक नक्षी काढली होती: ओळीने पाच बदकं. चौकटीच्या कागदावर फुल्या मारून काढली आणि रविवारभर बसून एकेक चौकट यंत्रात भरली. कागद रद्दीत गेला. स्वेटर चुलत-मावस भावंडांच्या अंगावरून फिरत फिरत कुठेतरी विरघळला. फोटो एकच आहे आणि त्यात धाकटीने दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेत. सासरे जाऊन आठ वर्षं झाली. त्यानंतर यंत्राला कुणी हात लावला नव्हता. आमची कन्या झाली तेव्हाही सासूबाईंचं मन तिकडे वळलं नाही. आता वळलं होतं.

"बाळाने पहिल्या थंडीत ह्यांचीच बदकं घालायची," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

दुरुस्तीवाल्याने हात वर केले. कंपनी कधीच बंद झालेली. यंत्राची स्मरणशक्ती आतल्या एका नाण्याएवढ्या बॅटरीवर धुगधुगी धरून असणार, ती गेली की सगळं पुसलं, असं सांगून तो गेला. सासूबाई यंत्राकडे न बघता धाकट्या जावयाला म्हणाल्या, "तुमच्या पेटीला हे उसवता येतं का?"

साडूभाऊंनी आधी नवी बॅटरी जोडली, मग जुनी काढली, मग यंत्राच्या पोटातली सगळी माहिती संगणकात उतरवून घेतली. त्याची नक्कल केली. मूळ बाजूला ठेवलं. आणि पेटी कामाला लावली.

आता ह्या कामातली मेख अशी, की यंत्राच्या पोटात आज्ञाही आकड्यांत असतात आणि माहितीही आकड्यांतच. 'सुई उचल' हाही आकडा आणि बदकाची चोचही आकडाच. वरून फरक दिसत नाही. साडूभाऊंनी अंदाजाने एक कोपरा धरला, इथेच नक्षी असणार म्हणून. उघडून बघितलं तर तिथे नुसती शून्यं. त्यांचा चेहरा पडला. नक्षी पुसली गेली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि सासूबाईंना सांगायचं धाडस होईना म्हणून सांगणं पुढे ढकललं.

तेवढ्यात पेटीला दुसरीकडे एक अजब भाग सापडला. अगदी शेवटच्या आज्ञांना लागून तीनशे आकडे. पेटीने ते आज्ञा म्हणून वाचले आणि ते वाचताही आले! पण अर्थ लागेना. तेच ते पाच वेळा येतं, कुणाकडून काही घेत नाही, कुणाला काही देत नाही. पाचांतलं चौथं जरा वेगळं दिसत होतं. बॅटरी अशक्त झाली की अशी पडझड होते, म्हणून पेटीने उरलेल्या चारांवरून ते आपोआप दुरुस्त करून घेतलं. ही आपोआप दुरुस्तीची सोय साडूभाऊंचा अभिमानाचा विषय होता.

एवढं कुशलतेने लिहिलंय तर नक्षी कुठे ठेवली होती ते हाच भाग सांगेल, ह्या आशेवर त्यांनी तो सगळ्यांना पाठवला. तीन आठवड्यांत त्रेचाळीस पत्रं झाली. घड्याळवाल्यांचं मत पडलं, की लिहिणारा एकतर महापंडित असावा किंवा लिहिता लिहिता झोपला असावा. गणिताच्या बाईंना त्यात एक सुंदर समतोल दिसला. चुका काढणाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'ह्यात मला चूक सापडत नाही.'

शेवटी सातवा महिना लागला आणि एका दुपारी साडूभाऊ कागदांची गुंडाळी घेऊन सासूबाईंसमोर बसले. आम्ही सगळे होतोच. सासूबाई लोकर गुंडाळत होत्या.

"आई, एक सांगायचं होतं. नक्षी बहुतेक पुसली गेलीय."

लोकरीचा गुंडा थांबला. "बहुतेक म्हणजे?"

"नव्याण्णव टक्के."

सासूबाईंनी गुंडा मांडीवर ठेवला, चष्मा नाकावर सरकवला. "आणि हे कागद कसले?"

"तो दुसराच भाग आहे. फार हुशारीने लिहिलाय. आम्ही सगळे त्याच्या मागे आहोत."

एकेका आकड्याची शून्य-एकांत फोड करून, शून्याला टिंब आणि एकाला फुली अशा ओळीच ओळी छापलेल्या होत्या. सासूबाईंनी विणकामाची सुई उचलली आणि तिच्या टोकाने फुल्या मोजायला लागल्या.

"हे कुणी भरलं?"

"संगणकाने."

"त्याला म्हणावं, चोवीसची ओळ सोळावर का तोडली? हे बघा, फुली इथे सुरू होते, परत इथे, परत इथे. चोवीस टाके. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना हे पहिल्या आठवड्यात कळायचं."

साडूभाऊंनी संगणक मांडीवर ओढला, सोळाचे चोवीस केले, कागद पुन्हा छापून आणला.

"आता उलटा धरा," सासूबाई म्हणाल्या. "विणकाम खालून वर जातं. हेही कुणी सांगितलं नाही का तुमच्या पेटीला?"

कागद उलटा धरला. एकाखाली एक पाच बदकं आमच्याकडे पाहत... नाही, पाहत नव्हती; पाचही आपापल्या वाटेने डावीकडे निघाली होती.

धाकटी इतकी हसली, की तिला पोट धरून बसावं लागलं. "तीन आठवडे! अरे, तीन आठवडे तुम्ही सगळे मिळून बदकं कुठेयत हे बदकांनाच विचारत होतात!"

साडूभाऊही हसत होते, कान लाल झाले होते तरी. फक्त सासूबाई हसत नव्हत्या. सुईचं टोक एकेका बदकावरून खालून वर सरकत होतं. चौथ्यावर थांबलं.

"ही ह्यांची नाहीत," त्या म्हणाल्या.

"आई, ह्याच यंत्रातली आहेत!"

"असतील. कंपनीने घालून दिलेली असतील. ह्यांचं चौथं बदक मागे बघायचं." त्यांनी कागदाची घडी घातली. "जाऊ दे. बदक ते बदक. बाळाला काय कळतंय."

सासूबाई 'जाऊ दे' म्हणतात तेव्हा काहीही जात नाही, हे मी थोरला जावई म्हणून अनुभवाने सांगतो. साडूभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलेलं.

"चौथं म्हणालात?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

उत्तराची वाट न पाहता ते संगणकावर वाकले. बाजूला ठेवलेलं मूळ उघडलं. पेटीचा हात न लागलेलं, पहिल्या दिवशीचं. चोवीसच्या ओळीत मांडलं, उलटं केलं आणि पडदा सासूबाईंकडे वळवला.

चार बदकं डावीकडे चालली होती. चौथं मान वळवून मागे बघत होतं.

"पेटीला वाटलं, ते बिघडलंय," साडूभाऊ म्हणाले. "पेटीला म्हणजे मलाच. ती सोय मीच लिहिलीय. चार सारखे असले आणि एक वेगळा असला, की वेगळ्याला सरळ करायचं."

सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. बोटाचा ठसा उमटला; एरवी साडूभाऊ लगेच फडकं काढतात, आज काढलं नाही.

"मी आहे का गं ती?" धाकटीने विचारलं. "मागे राहणारी?"

"तू कसली! हे स्वतःच आहेत ते," सासूबाई म्हणाल्या. "घरातून निघालं, की चौथ्या पावलाला थांबायचे. मागे वळून बघायचे, कुलूप नीट लागलंय की नाही. कधी वेळेवर पोचलो नाही आम्ही कुठे. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, तुमच्या ह्या बदकांना तरी सरळ चालू द्या. तर म्हणाले, चार गेली ना सरळ, मग एकाने कुलूप बघायला काय हरकत आहे?"

मग मात्र त्या हसल्या आणि हसता हसता चष्मा काढून पुसत बसल्या. माझी बायको म्हणाली, "मला बिनबदकाचा स्वेटर होता, हे आज सगळ्यांसमोर नोंदवून ठेवते." त्यामुळे सगळ्यांना नाक ओढायला निमित्त मिळालं.

पाटी दुरुस्त व्हायला आणखी दोन आठवडे गेले. मधल्या काळात पेटीचा नवा आकडा निघाला: शून्य पूर्णांक नऊ, टिंब, बेचाळीस. त्यात दोन बदल आहेत. अनोळखी भाग दिसला, की पेटी तो आधी चौकटीच्या कागदावर निरनिराळ्या रुंदीने मांडून दाखवते, सुलटा आणि उलटा. आणि आपोआप दुरुस्ती बंद. चारांत एक वेगळा सापडला, की पेटी थांबते आणि विचारते: 'हे मुद्दाम आहे का?' घड्याळवाल्यांनी तक्रार केली, की हा प्रश्न दिवसातून साठ वेळा येतो. साडूभाऊंनी कळवलं, 'येऊ दे.' चुका काढणाऱ्याने त्या प्रश्नातही चूक काढली. पेटी सुरळीत चालू आहे.

बाळाने पहिल्या थंडीत स्वेटर घातला. पाचही बदकं नीट उतरली, पण बाळ आजीच्या अंदाजापेक्षा गुटगुटीत निघालं, त्यामुळे चौथं बदक नेमकं काखेत गेलं. एरवी दिसतच नाही. परवा सगळे मिळून बाहेर पडलो, बाळ साडूभाऊंच्या कडेवर. चार पावलं गेल्यावर साडूभाऊ थांबले, बाळाचा हात हळूच वर केला, बदक बघितलं, मग मागे वळून कुलूपही बघितलं.

"अहो जावईबापू, चला," सासूबाई फाटकातून ओरडल्या, "उशीर होतोय!"