केवळआक्कांचं माप

केवळआक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पळताना. वय साठीच्या पुढं, उंची जेमतेम साडेचार फूट, काष्टा खोचलेला, बगलेत मोजायची टेप, आणि मागं दोन साहेब धापा टाकत. भूमजवळच्या त्या गावात मी शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. वाटलं, बाईंनी चोरी केली. तशी केलीच होती.

गावानं डोंगरावर कुऱ्हाड आणि चराई बंद केली होती. झाडं हवेतला कार्बन शोषतात. ती दरवर्षी किती वाढली ते मोजून या साहेबांची संस्था गावाला गावातच मजुरीची कामं देणार होती. पण आक्कांच्या उभ्या आयुष्यात झाड मोजायला आलेला माणूस ते तोडूनच गेलेला. त्यांनी टेप ज्वारीच्या कणगीत टाकली आणि दारात बसकण मारली.

"म्या असली मापं लई बघितली. आज टेप, उद्या आरा!"

समजूत घालायला मला पाठवलं. मी तासभर बोललो.

"झाड धूर खातंय म्हणता, गुरजी?"

"खातं, आक्का."

"मग माझ्या चुलीम्होरं एक लावा की."

टेप परत मिळाली आणि साहेबांनी डोंगर मोजला, पण पुढच्या वर्षी मोजणी आपणच करणार, या अटीवर. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं आठ दिवस डोंगर चढत होतो. टेप छातीएवढ्या उंचीवर लावायची, एवढंच साहेबांनी सांगितलेलं. आक्का प्रत्येक धावड्याला, खैराला छाती टेकवून टेप गुंडाळायच्या आणि मी आकडा लिहायचो. हात पुरला नाही की झाडालाच दटावायच्या, "पोट आत घे की, मुडद्या!"

वहीतली झाडं वर्षात अशी फुगली की गाव खूश. वही तपासणाऱ्या साहेबांचा चेहरा मात्र उतरला. आकडे खोटे ठरले तर गावाचं नाव यादीतून जाणार होतं.

"गुरुजी, ही झाडं आहेत की पैलवान?"

मी वही पुन्हा चाळू लागलो. आक्का उठल्या आणि साहेबांना दंडाला धरून शाळेपुढच्या लिंबाशी घेऊन गेल्या. "मोजा तुमी." साहेबांनी आपल्या छातीशी टेप लावली. मग आक्कांनी आपल्या. खोड खाली चांगलंच जाड होतं.

"झाड बी खरं, वही बी खरी. तुमची छाती वर, माझी खाली, त्याला म्या काय करू?"

साहेब हसत पायरीवरच बसले. नियमातली छाती साडेचार फुटांवर असते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आठ दिवस आकडे लिहूनही मास्तराच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

आक्कांनी डोक्यावर हात ठेवला. "म्हंजी कागदावरची छाती माझ्या अंबाड्यावर येती व्हय!"

डोंगर पुन्हा मोजला. आता त्या प्रत्येक झाडाला डोकं लावून उभ्या राहायच्या आणि अंबाड्याच्या वरून टेप फिरवायच्या. झाडं खरोखरच वाढली होती, पण माणसांत शोभेल इतकीच. गावाचं नाव यादीत राहिलं.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक पारापाशी आला. आक्कांचा मुलगा, सून आणि नात दरवर्षी त्यातून जायचे. आक्का मागं एकट्या. त्या वर्षी मात्र संस्थेच्या मजुरीवर डोंगरावरची सीताफळं उतरवायची होती, गवत कापायचं होतं, राखण होती. ड्रायव्हरनं हॉर्नवर हॉर्न वाजवले. आक्कांनी सीताफळांची पाटी नेऊन त्याच्या शेजारी ठेवली.

"खा, आन् नीट जा. आमच्या घरचं कुणी येत न्हाई."

ट्रक वळणाआड जाईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. मग मला पाहून लगबगीनं घराकडं वळल्या.

"चार माणसांचं पीठ किती घ्यायचं, ते इसरले की वो म्या, गुरजी!"