वास पोचेपर्यंत

हनीफ सरांच्या मुलीचा, रुबीनाचा फोन आला तेव्हा मी चहाला आधण ठेवलं होतं. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. गुरुवार होता, म्हणजे संध्याकाळी हनीफ सर माझ्याकडे येणारच होते... मी खुळ्यासारखा उभा राहिलो आणि दोन कप पाणी आटून भांडं काळं पडलं. ते असते तर म्हणाले असते, "पाणी गेलं नाही कुठे, मराठी. घरातच आहे, वाफ होऊन." तीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. शाळेत मी मराठी शिकवायचो, म्हणून मी 'मराठी'!

पनवेलच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. पदार्थाच्या अवस्था हा त्यांचा जीव की प्राण. एका बाकावर पाच-पाच पोरं कोंबायची, "हे झाले स्थायू, जागच्या जागी वळवळा." मग वर्गभर फिरू द्यायचं, ते द्रव. आणि शेवटी दार उघडून "आता वायू!" की मैदानभर धुमाकूळ. शेजारच्या वर्गात माझे समास बोंबलायचे. एकदा तणतणत गेलो, "काय बाजार मांडलाय हा?" तर शांतपणे म्हणाले, "बाजार नाही, नुसती उष्णता दिलीय. तुम्हालाही जरा जास्तच मिळालेली दिसतेय." त्या भांडणातून आमची मैत्री जमली ती जमलीच. मी मोकळ्या तासाला त्यांच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागलो. ते टेबलाशी अत्तराची बाटली उघडत, पंखा बंद करत, आणि ज्याच्यापर्यंत वास पोचेल त्याने हात वर करायचा. कण हवेतल्या कणांना धडकत, वाट काढत यायचे, रांगेमागून रांग हात वर व्हायचे. सगळ्यात शेवटी माझा.

निवृत्तीनंतर, माझी बायको गेल्यावर, तोच खेळ ते घरी घेऊन आले. दर गुरुवारी खिडकीजवळच्या खुर्चीत ते, दाराजवळ मी. बाटली मुठीत धरून म्हणायचे, "आला की सांगा." दोन म्हाताऱ्यांचा पोरखेळ, दुसरं काय! पण तीन वर्षांपूर्वी एका तापात मला वास येणंच बंद झालं. मी सांगितलं नाही. भीती वाटली मला, खरं सांगतो. खेळ संपला तर हा माणूस येईल कशाला? भांडीवाली सखूबाई सोडली तर आठवड्यात माझं दार वाजवणारं दुसरं कोण होतं? मग मी त्यांचंच विज्ञान त्यांच्यावर चालवलं. उन्हाळ्यात कण चपळ, तेव्हा हात लवकर वर करायचा; थंडीत आळशी, तेव्हा जरा थांबून. "शाबास, मराठी," ते म्हणायचे, आणि मी चहा टाकायला उठायचो.

सरांचा चाळिसावा दिवस झाल्यावर रुबीना ती बाटली घेऊन आली. जवळजवळ भरलेली होती. मी म्हटलं, "नवीन आणली होती वाटतं?"

"नाही काका, जुनीच." ती जरा घुटमळली. "एकदा अब्बा बूच काढायलाच विसरले होते. तरी तुम्ही हात वर केलात... त्यानंतर त्यांनी ते कधी काढलंच नाही. मी विचारलं, मग जाता कशाला? म्हणाले, सांगितलं तर मराठी ओशाळेल. आणि मला तरी गुरुवारी जायला दुसरं घर कुठेय?"

मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

परवाच्या गुरुवारी बाटली त्यांच्या खुर्चीवर ठेवली. बूच काढलं, पंखा बंद केला आणि माझ्या जागेवर येऊन बसलो. उकाडा होता, म्हणजे लवकर यायला हवा. सवयीने हात उचलला गेला, तो धरून मांडीवर ठेवला. "नाही येत, हनीफ सर," मी मोठ्याने म्हणालो. "तीन वर्षं झाली."

तासभर गेला. मग भांडी घासायला सखूबाई आली, दारातच थबकली.

"कोन आलंय गुर्जी? पार जिन्यापासून वास येतोय." तिने आत डोकावलं, मोरीत पाहिलं. "पन कप तर एकच हाय."