उद्योगाचे मार्क

माझं लगीन लहानपणीच झालं व्हतं. माहेर चिंचवडला, सासर मोशीला. नांदायला न्यायच्या आधी सातवीची फायनल दिऊ द्या, एवढं आईनं सासूकडनं कबूल करून घेतलं व्हतं. तवा सातवी पास बाईला शाळेत मास्तरणीची नोकरी मिळायची. आईच्या डोक्यात त्येच, आन माझ्याबी.

सातवीला उद्योग म्हणून विषय व्हता. हातानं काम करायचं, त्याचं मार्क. शाळेतल्या सूत काढायच्या टकळ्या निम्म्या मोडक्या. मग गुरुजींनी चिंचवडात रुळापल्याड औषधाचे काढे बाटल्यांत भरायचा एक लहान कारखाना व्हता, तिथं आमा तिघी पोरींचं सांगून ठेवलं. सकाळी शाळा, दुपारी बाटल्या धुवायच्या. महिना भरला आन तिथल्या बाईनं काम पुरं झालं म्हणून सांगितलं, की मार्क.

त्या बाईचं कपाळ मोकळं, हात मोकळे. पैल्याच दिवशी म्हणाली, "बांगड्या काढा. बाटलीत फुटली आन कुणाच्या पोटात काच गेली तर मी जाईन तुरुंगात."

बाकी दोघींची लग्नं व्हायची व्हती. त्यांनी काढल्या. मी हात मागं घेतला.

"तुला काय झालं गं?"

"मालक हायती मला."

"मंग? बांगडी काढली म्हणून त्येंला काय हुतंय? माझ्या हातात कोपरापतूर व्हत्या. गेलाच की."

त्या दिवशी मी नुसती बाटल्या उचलून ठेवत बसले. घरी आईला सांगितलं. तिनं साबण लावून एकेक बांगडी उतरवली, आन पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून दंडाला बांधलं, चोळीच्या बाहीच्या आत. "आता हात मोकळा न्हाई," म्हणाली. "मोशीचं कुणी दिसलं तर पदर घे हातावर."

सोड्याच्या गरम पाण्यानं बोटांची सालपटं निघायची. बाटली आतनं घासायची, उजेडाकडं धरून बघायची, भोकाच्या फळीवर उलटी घालायची. फडकं लावायचं न्हाई. काम जड नव्हतं. शेतातल्यापरीस बरंच.

महिना भरत आला व्हता. त्या दिवशी चिंचवडचा बाजार. सासू वांगी घिऊन आलेली, माझ्यासाठी चार बाजूला काढून ती आमच्या घरी गेली. पोरगी कारखान्यात हाय कळल्यावर तशीच शेडच्या दारात. माझे दोन्ही हात पाण्यात. पदर कशानं घेणार?

"हात वर कर," सासू म्हणाली.

केले.

"माझा ल्योक जित्ता हाय न्हवं?"

मी बाही वर सारून हळकुंड दावलं.

"त्ये तुला ठावं आन तुझ्या आईला. रस्त्यानं जाणाऱ्याला काय दिसतंय?"

शेडवरची बाई मधी पडली. "आत्याबाई, थोडंच दिस राह्यलेत. पोरीचं वरीस जाईल."

सासूनं तिच्या हातांकडं बघितलं. "तुमी नका सांगू."

ती बाई बाटल्यांकडं वळली.

दिवस मावळायच्या आत बाजारातल्या कासारानं माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, जरा घट्टच. परत शेडमधी गेले न्हाई. परीक्षेला मात्र सासूनं बसू दिलं. मराठीत पास झाले, गणितात पास झाले. उद्योगात नापास.

पुढच्या साली फिरून बसते म्हणलं, तर सासू म्हणाली, "एकदा दिऊ दिली की. शब्द दिला तो पाळला." पाळला व्हताच तिनं. मी मोशीला नांदायला गेले. मग जन्मभर हातानंच काम केलं, त्याला कुणी मार्क दिलं न्हाई.

पैल्याच सुगीला जोंधळा उपटत व्हतो. जोंधळ्याचं ताट जोर लावून वढलं की बांगडी वाढायची. आमच्यात फुटली म्हणत न्हाईत. मनगटातनं रगत आलं. सासू म्हणाली, "काढून ठिव त्या बांदावर. कोण बघतंय हितं रानात?"

मी म्हणलं, "रस्ता हाय की पलीकडं."

तिनं मग वाकून पुढचं ताट धरलं. मी काढल्या न्हाईत. सांजच्याला चुलीपुढं बसवून तिनंच सुईनं माझ्या मनगटातली काच काढली.