मंडईला निघालेलं दार

ज्या पुस्तकात एकही शब्द नाही, ते वाचताना माणूस चुकणार कसा, असं मला वाटायचं. मी चुकून दाखवलं.

भाऊबीजेला आम्ही बायकोच्या माहेरी गेलो होतो. मूळचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं. आताचं माहेर म्हणजे पुनर्वसनातलं गाव. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, सिमेंटची घरं. फक्त सासूबाईंच्या घराला जुन्या मातीच्या घराची सागवानी चौकट. गाव सोडताना सासऱ्यांनी ती दारासकट उखडून ट्रॅक्टरवर घालून आणली होती. ठेंगणी असल्यामुळे दर भाऊबीजेला माझं कपाळ तिथं आपटतं, आणि ओवाळणीआधीच मला टिळा लागला असं सगळे म्हणतात. यंदा मात्र अंगणात नवं लोखंडी दार चौकटीसकट टेकवून ठेवलेलं दिसलं. बायकोचा धाकटा भाऊ म्हणाला, "उद्या मिस्त्री येऊन रायला. भाऊजी, तुमचं डोकं सुटलं." सासूबाई शिंगाडे सोलत होत्या.

पुण्याहून आलेली आमची नात सोबत होती. तिच्याजवळ आईनं घेऊन दिलेलं नुसत्या चित्रांचं पुस्तक. "बाबा, आधी एकदा नीट पाहून घ्या, मग सांगा," असं मुलीनं मला फोनवर बजावलं होतं. पण आमच्या घरात गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव. मी कशाला आधी पाहतो?

पहिल्या पानावर अख्खं कुटुंब होडीत चढत होतं. डोक्यावर गाठोडी, टोपलीत कोंबडी, कडेवर पोर. दिवाळीनंतरच्या दिवसांत आमच्याकडचा माणूस दुसरं काय म्हणणार? "हे निघाले मंडईला!" मंडई म्हणजे नातीला ठाऊक असलेला भाजीबाजार नव्हे, आमच्या गावोगावी भरणारी जत्रा. मग मी सुटलोच. दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळातली सोंगं झाली, पाहुण्यांची झुंबड झाली, कोंबडीच्या तोंडी तर मी अख्खं भाषण घातलं, कारण पाहुण्यांसाठी आपला रस्सा होणार हे तिला कळलं होतं. घर हसत होतं.

नातीनं पान उलटलं. "आजोबा, मंडईला जाताना दार कोण नेतं?"

चित्रातल्या बापाच्या पाठीवर दोरीनं बांधलेलं दार होतं. मागे लांबवर धूर.

"दंडारीत राजवाडा दाखवावा लागते ना," मी ठोकून दिलं.

"पण ती बाई रडतेय."

सासूबाईंनी हात पदराला पुसले. "आण वं इकडे." पुस्तक डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी एकेक पान सावकाश पाहिलं. तंबू, काटेरी तार, पाण्यासाठीची रांग. मग म्हणाल्या, "जवाईबापू, हे मंडईले नाही जाऊन रायले. मंडईचे लोक वापस येतेत."

"पणजी, तुला वाचता येतं?"

"यात वाचाचं काय हाये? दार नेऊन रायला ना तो."

सगळ्यांचे डोळे एकदम चौकटीकडे गेले. नातीचेही. माझ्या गोष्टीतली कोंबडी गप्प झाली.

नातीनं विचारलं, "नवीन गावात त्यांना काय म्हणत असतील?"

"आमाले त अजून बुडीतवाले म्हणतात," बायकोचा भाऊ म्हणाला. "पोरगं इथंच जन्मलं तरी बुडीतवाल्याचं."

"पुण्यात मला वर्गात नागपूरवाली म्हणतात. मी भंडाऱ्याची आहे सांगितलं तरी."

सासूबाईंनी तिच्या हातावर एक सोललेला शिंगाडा ठेवला. "या दारातून मी त्या घरात आली," मुलाकडे न पाहता त्या म्हणाल्या, "अन् तुह्या बापाले त्याच घरी, याच दारातून शेवटचं नेलं असतं त बरं होतं, पण तो चौकट आणाले जिवंत रायला, हेही बरं झालं."

"आई, वाळवी लागली हाये तिले."

"मले का कमी लागली हाये?"

तो उठून अंगणात गेला. मग लोखंड फरशीवरून घासल्याचा कर्कश आवाज आला. नवं दार तो एकटाच ओढत घराच्या मागच्या बाजूला नेत होता. "मागं लावतो," एवढंच म्हणाला. सासूबाई पुन्हा शिंगाडे सोलू लागल्या, पण हात पहिल्यापेक्षा भराभर चालत होते.

संध्याकाळी निघताना मी पुस्तकाच्याच विचारात होतो. कपाळ पुन्हा आपटलं, जोरात.

गाडीत नात मागे झोपली. मी टेंगूळ चोळत म्हटलं, "माझं डोकं सुटता सुटता राहिलं."

बायको म्हणाली, "लग्नाच्या दिवशी जुन्या गावी देवाच्या पाया पडाले आत येतानी तुम्ही याच चौकटीले आपटले होते. तवा सारं गाव हसलं होतं. कोण कुठं उभं होतं, ते तुम्ही आपटले का मले अजून दिसते. आपटत जा."