जनावरांची संख्या : निरंक

लातूरच्या मे महिन्यातल्या उन्हाविरुद्ध अर्ज करायचं आमच्या अर्जवाल्या चाचांनी एकदा मनावर घेतलं असतं, तर उन्हालाही लेखी खुलासा द्यावा लागला असता, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली त्यांची एक पत्र्याची पेटी आणि एक बाकडं असे, आणि तिथे बसून त्यांनी उभं आयुष्य लोकांचे अर्ज लिहिण्यात घालवलं. वडील निजामाच्या राजवटीत कारकून, त्यामुळे उर्दू घरातली. मराठी मात्र त्यांनी सरकारी परिपत्रकं वाचून कमावली होती. परिणामी चाचांच्या बोलण्यात अर्धी गल्ली असे आणि अर्धी कचेरी. "मास्तर, उपरोक्त चहा थंडा होऊन राहिला," असं ते अगदी सहज म्हणत. रद्दीवाल्याकडून ते जुने शासन निर्णय किलोवर आणत आणि दुपारच्या जेवणानंतर लोळत वाचत. तेही शेवटून सुरुवातीकडे. "सरकार वरती शर्ती घालतं आणि खाली येता येता नरम पडतं," हा त्यांचा सिद्धान्त. "माया शेवटच्या कलमात ऱ्हाती, मास्तर."

चाचींशी त्यांचं बोलणं बंद झालं, तरी पत्रव्यवहार चालू असे. एकदा त्यांनी 'विषय : कालवणात तिखट कमी घालणेबाबत' असा अर्ज मुलीच्या हाती स्वयंपाकघरात पाठवला. चाचींना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलीकडून तो शांतपणे वाचून घेतला आणि त्यावर गरम तवा ठेवला. तो काळा गोल उमटलेला कागद चाचांनी दुसऱ्या दिवशी मला कौतुकाने दाखवला. म्हणाले, "नामंजूर. पण नियमाप्रमाणं शिक्का मारून."

मी जळकोटकडचा. लातुरात क्लासेसचं पीक जोरात आलं तेव्हा एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला आलो आणि चाचांच्या गल्लीतल्या मेसमध्ये जेवू लागलो. ही मेस चार बाया मिळून चालवत. चौघीही भूकंपात गाव आणि घर गमावून शहरात आलेल्या. त्यांच्यात मोठी सोजरबाई. चाचांची आणि तिची ओळख भूकंपानंतरच्या छावणीतली. चाचा आपली पेटी घेऊन कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून तिकडे गेले होते आणि तंबूतंबूत फिरून महिनाभर फुकट अर्ज लिहीत होते. सोजरबाईने एकदा मला वाढता वाढता सांगितलं, "मयताचं नाव ल्ह्यायची येळ आली, तर यांचाच हात थांबला. मीच म्हणले, लिवा चाचा, सांगणारी मी सांगून राहिले की." एवढं बोलून तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मेस लाकडं आणि भुशावर चाले. सिलिंडरसाठी नंबर लावून वर्षं लोटली होती. दोनशे पोरांचा स्वयंपाक, एवढीशी खोली, आणि धूर असा की आत शिरलेला माणूस आधी खोकल्यावरून ओळखू येई, मग चेहऱ्यावरून. सोजरबाईचे डोळे कायम लाल. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, धूर सोडा नाहीतर नजर जाईल. त्यात पोरांचं उष्टं नालीत तुंबायचं. शेवटी शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि मेस बंद करण्याची नोटीस आली. चौघी तो कागद घेऊन चाचांच्या बाकड्याशी येऊन उभ्या राहिल्या. मीही तिथेच होतो.

चाचांनी नोटीस दोनदा वाचली. "चांगली लिवली हाय," ते म्हणाले.

"चाचा, दुसऱ्यांदा उठवाय लागलेत आमाला," सोजरबाई म्हणाली. "आता कुठं जावं?"

चाचांनी चष्मा काढला. "बाई, तक्रार दोन गोष्टींची हाय. धूर आणि उष्टं. एका खड्ड्यात दोन्ही जातील." मग पेटीतून एक पिवळं परिपत्रक निघालं. सामुदायिक गोबरगॅससाठी अनुदान. नोटिशीला त्यांनी मुदतवाढ मागितली आणि त्याच दिवशी अनुदानाचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता : जनावरांची संख्या. चाचांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'जनावरे : निरंक. विद्यार्थी : दोनशे.'

अर्ज परत आला. विद्यार्थ्यांचा जनावरांच्या रकान्यात समावेश करता येणार नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वर्गात वाचून दाखवलं, तेव्हा एक पोरगा म्हणाला, सर, हे आमच्या वडलांना पाठवा. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी परिपत्रकाचं शेवटचं कलम काढलं. तिथे 'शेण व तत्सम इतर सेंद्रिय पदार्थ' असे शब्द होते. त्या 'इतर'वर बोट ठेवून ते मला म्हणाले, "या शब्दात आपली मेस बसती." मग पत्रावर पत्र गेलं. गाईला उष्टं चालतं, तर गाईच्या खड्ड्याला का चालू नये, अशी त्यांची पृच्छा होती. कितव्या तरी पत्रानंतर कचेरीतून कळवण्यात आलं की साहेब स्वतः पाहणीला येतील, नमुना चालवून दाखवावा.

नमुना म्हणजे प्लास्टिकची दोन पिंपं आणि ट्रॅक्टरची जुनी ट्यूब. भौतिकशास्त्र माझं असल्यामुळे प्रमुख मी झालो. दाब काढला, नळीचा व्यास काढला, फळ्यावर आकृती काढली. पोरांनी उत्साहाने पिंपात सगळं उष्टं ओतलं. आठवडा गेला. काडी लावली की काडीच जळे. साहेब यायला जेमतेम दहा दिवस राहिलेले, आणि मी पुन्हा आकडेमोड करत बसलो होतो. सोजरबाई आली, तिने झाकण उचललं आणि वास घेतला.

"आंबलंय हे," ती म्हणाली. "लोणचं, लिंबू समदं ओतलाव. कुणाच्या पोटाला सोसंल? चार दिस काय बी घालू नगा. गवळ्याकडनं ताजं शेण आणा. इरजण लावल्यावानी लावा, मग थोडं थोडं चारा."

तसं केलं. सातव्या दिवशी ट्यूब फुगली. आठव्या दिवशी निळी ज्योत लागली, अगदी सरळ. चाचांनी लगेच पेन उघडलं आणि अर्जात 'तांत्रिक सल्लागार' या जागी माझं नाव खोडून 'श्रीमती सोजरबाई' असं केलं. मला थोडं लागलं. पण रकाना भरलेला बरोबर होता.

साहेब आले. तरुण, गंभीर, हातात फाईल. सोजरबाईने त्या ज्योतीवर चहा ठेवला. साहेब वाकून शेगडीखाली बघत राहिले, मग भिंतीकडे, मग छताकडे. "काय बगताव साहेब?" तिने विचारलं. "धूर बगायचा व्हता का? त्योच न्हाई ऱ्हायला." साहेबांनी दोन कप चहा घेतला. नंतर चाचांनी ते शेवटचं कलम त्यांच्यासमोर ठेवलं, तेव्हा साहेब म्हणाले, "चाचा, मी मंजूर केलेले कितीतरी गोबरगॅस बंद पडलेत. हा मंजूर नसून पेटतोय. मी काय लिहू?"

"पाहिलं ते लिवा, मेहरबान," चाचा म्हणाले.

साहेबांनी तेच लिहिलं. मंजुरी आली, मेसमागे खड्डा खोदला गेला, पोरांनी रविवारचा क्लास बुडवून विटा वाहिल्या आणि मी त्यांची हजेरी लावली. ज्या दिवशी मोठी शेगडी पेटली, त्या दिवशी तक्रार करणारे शेजारीही बघायला आले आणि जेवून गेले. नोटीस रद्द झाली. पोरं ताटं वाजवत गल्लीभर फिरली. पुढे अहमदपूरच्या वसतिगृहापासून कुठकुठल्या मेसवाल्या चाचांच्या बाकड्याशी येऊ लागल्या, आणि सोजरबाई त्यांच्याबरोबर एसटीने जाऊन पिंपाचा वास घेऊन सल्ला देऊ लागली. तिचे डोळे पूर्ण निवळले नाहीत, पण आणखी बिघडले नाहीत. मग एका वर्षी नवा छापील अर्ज निघाला. त्यात जनावरांच्या खाली एक नवी ओळ होती : 'अन्य स्रोत.' चाचा तो कोरा अर्ज नातवंडासारखा छातीशी धरून माझ्या वर्गाच्या दारात आले. "मास्तर," ते म्हणाले, "सरकारच्या कागदात आपला एक रकाना झाला."

नंतर मी नांदेडला आलो. चाची गेल्या, आणि मुलीने चाचांना मुदखेडला आपल्या घरी नेलं. मी भेटायला गेलो, तेव्हा ते ओट्यावर उन्हात बसले होते. हात सारखा थरथरत होता. त्यांनी माझ्याच खिशातलं पेन काढायला लावलं आणि अर्ज सांगू लागले : मुलीच्या गल्लीतल्या उर्दू शाळेवर सूर्यावर चालणारे दिवे बसवण्यासाठी अनुदान मिळणेबाबत. तासभर ते सांगत होते, मी लिहीत होतो. माझ्या तीन वेलांट्या त्यांनी दुरुस्त करायला लावल्या.

सहीची वेळ आली. त्यांनी पेन धरून पाहिलं, आणि मला परत दिलं. मग नातीला शाईचा पॅड आणायला सांगितलं, अंगठा त्यावर टेकवला आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात हळूच दाबला. चाचा कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"साफ उमटला का, मास्तर?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हाव चाचा. लई साफ."